आधी स्प्रिंग, मग क्लिकर
डर्ट बाइकचं पुढचं चाक दगडांवरून उडायला लागलं की अनेकजण फोर्क आणखी कडक करतात. ट्रेलवर नेमकं उलटं हवं: वेग कमी, दगड-मुळं जास्त, म्हणून कॉम्प्रेशन (फोर्क दबताना होणारा विरोध) मऊ. आधी स्प्रिंग आपल्या वजनाला साजेशी आहे का ते पाहा. चुकीच्या स्प्रिंगची भरपाई क्लिकर, म्हणजे कॉम्प्रेशन-रिबाउंड जुळवायचे स्क्रू, करत नाहीत. चाक अधांतरी ठेवून फोर्कच्या टोपीवरचा छोटा स्क्रू सैल करा, कोंडलेली हवा फुस्सकन निघेल. मग क्लिकर हलक्या हाताने पूर्ण बंद करून मूळ क्लिक मोजा, लिहून ठेवा, तितकेच परत उघडा आणि ओळखीच्या वाटेवर एका वेळी २च क्लिक बदला. रिबाउंड (दबलेल्या फोर्कचं परत वर येणं) फार मंद असेल तर सलग खड्ड्यांत फोर्क वर यायच्या आत पुन्हा दबतो आणि हात भरून येतात. नवा सायलेन्सर घेण्याआधी एक सकाळ या स्क्रूंना द्याच.