वही अक्षय, नोंद कोणाची?

वाशीसारख्या गावी बसून काँगोच्या खाणींची चिंता आम्ही का वाहावी? कारण येथील शेतकऱ्याच्या मोबाईलमधील बॅटरीतही बहुधा कोबाल्ट असते. जगातले बहुतांश कोबाल्ट काँगोतून येते आणि तेथील काही खाणींत मुले राबतात. यावर तोडगा म्हणून ‘ब्लॉकचेन’ पुढे केली जाते : अनेकांपाशी प्रती असलेली, मागाहून खाडाखोड होऊ न देणारी नोंदवही. २०१९ मध्ये फोर्ड, आयबीएम आदी कंपन्यांनी कोबाल्टसाठी तिचा प्रयोग जाहीर केला.

आमचा आक्षेप वहीला नाही, पहिल्या नोंदीला आहे. बाप्तिस्म्याच्या वहीत चुकीची तारीख लिहिली, तर वही तिजोरीत ठेवल्याने ती खरी ठरत नाही. गोव्यात खाणपट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपली होती, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरविले. तरी २०१२ पर्यंत लोहखनिज निघत राहिले, सरकार स्वामित्वधन घेत राहिले. पावत्या होत्या, हक्क नव्हता.

म्हणून खाणीच्या तोंडाशी कंपनीच्या पगारावर नसलेला साक्षीदार उभा करा. मजुराचे वय, मजुरी आणि गाऱ्हाणे त्याच्याच तोंडून नोंदवा. तोवर ही अक्षय वही असत्यालाच अक्षय करील.