गहाळ फाइलचा सापळा

जुना गेम नव्या कॉम्प्युटरवर टाकला की बऱ्याचदा तो सुरूच होत नाही. पडद्यावर चौकट उमटते: ‘डी३डीएक्स९_४३.डीएलएल’ ही फाइल सापडत नाही. मीरा रोड-भाईंदरच्या कुठल्याही सोसायटीतला शाळकरी मुलगा अशा वेळी तेच नाव शोधतो, फुकट डीएलएल देणाऱ्या पहिल्या साइटवरून फाइल उतरवतो आणि गेमच्या फोल्डरमध्ये टाकतो. पुष्कळदा गेम चालूही होतो. मला जास्त काळजी वाटते ती तो चालू झाल्यावरची, कारण मग कुणी मागे वळून पाहत नाही.

गेम बनवणाऱ्याला प्रत्येक ग्राफिक्स कार्डासाठी वेगळे प्रोग्रॅमिंग करावे लागू नये म्हणून मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये डायरेक्टएक्स आणले. डी३डीएक्स९ हा त्याचा मदतनीस भाग. २००५ पासून त्याच्या क्रमांकवार आवृत्त्या निघाल्या. २४ पासून ४३ पर्यंत, शेवटची जून २०१० ची. गेमला आपल्या क्रमांकाचीच फाइल लागते, नवी फाइल जुनीची जागा घेत नाही. म्हणून विंडोज ११ मध्ये डायरेक्टएक्स १२ असूनही २००८ चा गेम अडतो. कॉम्प्युटर बिघडलेला नसतो, जुना संच तेवढा टाकायचा राहिलेला असतो. पण चौकटीत नाव येते एकाच फाइलचे, आणि माणूस संच सोडून फाइलच्या मागे लागतो.

डीएलएल म्हणजे फोटो किंवा गाणे नव्हे. तो चालणारा प्रोग्रॅम आहे. गेमला जे अधिकार, ते सगळे त्याला आपोआप मिळतात. गेम ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालवला तर सारा कॉम्प्युटरच त्याच्या हाती जातो. शिवाय अशा फाइली विंडोज आधी गेमच्याच फोल्डरमध्ये शोधते. तिथे त्या नावाची बनावट फाइल असेल तर ती काही न विचारता उघडली जाते. हुशारीने बनवलेली बनावट फाइल गेमचे काम खऱ्या फाइलकडे सोपवते आणि मागे स्वतःचे काम करत राहते. सगळ्याच साइटवरच्या फाइली विषारी असतात असे नाही. पण कोणती विषारी हे घरी बसून ओळखता येत नाही.

विषारी प्रोग्रॅम काय करू शकतो, याचे एक उदाहरण. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विविध देशांच्या तपास यंत्रणांसह ‘लुमा’ या माहितीचोर प्रोग्रॅमचे जाळे मोडले. त्याआधीच्या दोन महिन्यांत ३,९४,००० हून अधिक विंडोज कॉम्प्युटर त्याने बाधित केल्याचे आढळले होते. क्रॅक केलेले सॉफ्टवेअर ही त्याच्या शिरकावाची एक वाट. असे प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड नेतात, लॉगिनच्या कुकी नेतात. चालू कुकी हाती लागली की पासवर्ड किंवा ओटीपीशिवायही मेल उघडू शकतो. वन-बीएचके घरात कॉम्प्युटर एकच. मुलगा ज्यावर खेळतो त्यावरच वडील आयकर विवरण भरतात, आई बँकेचे पाहते. फसवणुकीचा धंदा मीरा रोड-भाईंदरला अनोळखी नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकी करखात्याच्या नावाने तिथून अमेरिकेतल्या लोकांना धमकावले जात होते. तिथे निदान फोनवर माणूस बोलत होता, शंका घ्यायला जागा होती. डीएलएल काहीच बोलत नाही.

उपाय फुकट आहे, म्हणूनच हा धोका पत्करणे मला असह्य वाटते. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून जून २०१० चा डायरेक्टएक्स संच घ्यावा. त्यात जुन्या क्रमांकांच्या फाइली एकत्र येतात. विकत घेतलेल्या गेमसोबत तो बहुधा येतोच. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर एनव्हिडिया, एएमडी, इंटेल यांच्याकडूनच घ्यावा. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असे सांगणारा गेम मुलाने कितीही हट्ट धरला तरी टाकू नये. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून जुळवून आणलेल्या मशीनमध्ये दुकानदाराने गेम भरून दिले असतील तर ते कुठून आले, हे विचारावे.

अशी फाइल आधीच टाकली असेल तर ती नुसती पुसून भागत नाही. नेट तोडावे, मोबाइलवरून आधी मेलचा आणि मग बँकेचा पासवर्ड बदलावा, सगळीकडून लॉगआउट करावे, विंडोज नव्याने टाकावे. खात्यातून पैसे गेले असतील तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा. तक्रार जितक्या लवकर पोचेल तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.