निधी आला, पण पायरी कोण चढणार?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,’ असे आपल्याकडे वडीलधारी मंडळी सांगत आली. पोलीस ठाण्याचे तर नावच नको! पण ही पायरी गोरगरिबांना, विशेषतः बाईमाणसाला चढता यावी म्हणून सरकार जो पैसा खर्च करते, तो तुमच्या-आमच्या करातलाच असतो. त्याची चौकशी आपण करायची नाही तर कोणी?

अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीने २००० साली देशभरातील १७३४ जलदगती न्यायालयांसाठी ५०२.९० कोटी रुपये ठरले. मुदत पाच वर्षांची. ती वाढत गेली आणि ३१ मार्च २०११ नंतर केंद्राने हात आखडता घेतला. निधीला मुदत असते, खटल्याला नसते, हा धडा तेव्हा मिळाला. पुढे २०१३ च्या अर्थसंकल्पात १००० कोटींचा निर्भया निधी आला. त्यातून २०१५ पासून ‘सखी’ केंद्रे उभी राहू लागली. २०१९ मध्ये पोलीस ठाण्यांतील महिला मदत कक्षांसाठी १०० कोटी मंजूर झाले.

कागदावर सारे छान. पण डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याच बेळगाव तालुक्यातील नवी वंटमुरी येथे काय घडले? मुलगा एका मुलीसोबत निघून गेला, म्हणून त्याच्या आईला विवस्त्र करून विजेच्या खांबाला बांधण्यात आले. बघे होते, वाचवायला पुढे सरसावले ते मोजकेच. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती होते प्रसन्न वराळे, जन्माने आपल्या निपाणीचे. बेंटिंकच्या काळात अशा गावावर सामुदायिक दंड बसे, याची आठवण न्यायालयाने करून दिली. सरकारने त्या माउलीला ५ लाख रुपये आणि २ एकर ३ गुंठे जमीन दिली.

ती मदत योग्यच होती. पण वंटमुरीची बातमी देशभर गेली. ज्या घरातला आक्रोश चार भिंतींबाहेर जातच नाही, त्या घरातल्या लेकीसुनेचे काय?

तिच्यासाठीही कायद्यात वाट आहे, ती माहीत हवी. गुन्ह्याची झळ बसलेल्यांना भरपाई देण्याची योजना प्रत्येक राज्याने करावी, अशी तरतूद २००९ च्या अखेरीस लागू झाली; नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. आरोपी सापडला नाही तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि त्यांनी दोन महिन्यांत चौकशी पुरी करायची असते. वकिलाची फी कोण देणार, ही चिंताही नको. स्त्रिया आणि मुलांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यांच्या उत्पन्नाची अट नाही.

आपल्या सीमाभागाला आणखी एक गोष्ट मोलाची. निपाणीची मुलगी कागलला दिलेली, गडहिंग्लजची सून संकेश्वरात, हे आपले रोजचेच. मारहाण तिकडे झाली आणि मुलगी माहेरी आली, तर ‘आमची हद्द नाही’ म्हणून तिला परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून कोणत्याही ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद देता येते, हे कायद्यातच लिहिले आहे. तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून घेऊन वाचून दाखवावी लागते, तिची प्रत फुकट मिळते. कन्नड वाचता येत नसेल तर मराठीतून समजावून सांगा म्हणावे. समजल्याशिवाय सही करू नये. अडचणीच्या वेळी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक घरातल्या मुलींना पाठ असू द्यात.

भगिनींनो, सरकारी पैशातून टेबल येते, खुर्ची येते, वकीलही येतो. पण रात्री शेजारच्या घरातून हाक ऐकू आली तर दार उघडायला निधी लागत नाही. तिच्यासोबत ठाण्यापर्यंत चालत जायलाही नाही.