चंद्रपूरची राख थोडी कमी करू या

चंद्रपूरहून निघणारी एक वीजवाहिनी महाराष्ट्र आडवा कापत साडेसातशे किलोमीटर येते आणि भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याला उतरते. तिथून ती वीज मुंबईच्या परिसरात पसरते. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं. कोळसा जवळपासच्या खाणींतला, पाणी इरई धरणाचं. वीज पश्चिमेला जाते, राख आणि धूर तिथेच राहतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली, तिच्यात चंद्रपूर होतं. उन्हाळ्यात तिथला पारा ४६-४७ अंशांवर जातो, तेव्हा आपण पुण्या-मुंबईत त्याच विजेवर खोली १८ अंशांवर नेऊन वर रजई घेतो.

वीज जपून वापरा असं बोलायला लागलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: आधी अमेरिकेला सांगा. ते उत्तर खोटं नाही. भारतात माणशी वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत चौदा टनांच्या आसपास. १९९२ साली रिओच्या परिषदेत जगाने मान्य केलं की जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत कोळसा पूर्ण बंद करण्याची भाषा आली, तेव्हा भारताने ती अडवली आणि वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्यावर मसुदा आणला. ज्या देशात लाखो घरं अजून एक-दोन दिव्यांवर चालतात, त्या देशाने हे म्हणायलाच हवं होतं. पुढेही म्हणत राहावं.

पण ते दोन टन ही सरासरी आहे. तिच्यात मेळघाटातलं एका दिव्याचं घर आहे आणि तीन एसींचा आपला फ्लॅटही आहे. ग्लासगोतला युक्तिवाद त्या पहिल्या घरासाठी होता. आपण मात्र त्याच्या आड उभे राहून आपली उधळपट्टी झाकतो, आणि हे मला सहन होत नाही. गरिबाच्या हक्काची वीज मागताना आपण आपली वाया घालवू शकत नाही.

दुसरं उत्तर: आता सौरऊर्जा आलीच आहे ना? आली आहे, आणि त्याचा अभिमान वाटावा अशीच आली आहे. देशाच्या एकूण स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-वायूविना चालणाऱ्या स्रोतांचा झाला, तोही २०३० च्या मुदतीआधी पाच वर्षं, २०२५ मध्येच. तरी प्रत्यक्ष तयार होणाऱ्या दर चार युनिटांपैकी जवळपास तीन अजून कोळशाचीच असतात. सूर्य मावळतो आणि नेमके तेव्हाच आपले दिवे, एसी, टीव्ही, मिक्सर सुरू होतात. संध्याकाळी सात ते रात्री अकरा या वेळेचा भार मुख्यतः कोळसाच उचलतो. कोळशावरच्या एका युनिटमागे साधारण साडेसहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो.

म्हणून या वेळेला वाचवलेलं युनिट सगळ्यात मोलाचं. वॉशिंग मशीन, इस्त्री, सोसायटीचा पाण्याचा पंप ही कामं दुपारी उरका. वेळेनुसार दर लावणारा टीओडी मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या विजेवर महावितरण सवलतही देतं. एसी २४ अंशांवर ठेवा आणि सोबत पंखा लावा. तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. आणि पंखे बदला. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. रोज बारा तास, वर्षातले आठ महिने धरले तर एका पंख्यामागे सुमारे १३० युनिटं वाचतात, म्हणजे ऐंशीहून जास्त किलो कोळसा. घरात चार पंखे असतील तर हिशेब तुम्हीच करा.

एका घराने काय होणार, असं विचारणाऱ्यांनी एलईडी दिवा आठवावा. २०१५ च्या जानेवारीत ‘उजाला’ योजना आली, घराघरांनी ते दिवे घेतले, छत्तीस कोटींहून अधिक वाटले गेले, आणि सरकारी खरेदीचा दर ३१० रुपयांवरून ३८ रुपयांवर उतरला. योजना सरकारची होती, पण ती चालली ती लोकांनी दिवे बदलले म्हणून. पंख्यांचंही तसंच होऊ शकतं.

वीज वाचवताना जीव मात्र धोक्यात घालू नका. बाजारात भिंतीच्या प्लगमध्ये खोचायची ‘पॉवर सेव्हर’ डबी मिळते, ती घेऊ नका. घरगुती मीटर किलोवॅट-तास मोजतो, त्या डबीतल्या कॅपॅसिटरने तो आकडा कमी होत नाही. उलट हलक्या प्रतीची डबी पेट घेऊ शकते. मीटरशी छेडछाड म्हणजे २००३ च्या वीज कायद्यानुसार चोरी. विजेचा गिझर काढून गॅसचा लावताय? तो बंद बाथरूममध्ये कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस न्हाताना कोसळतो तो उठत नाही. पाणी तापवायचा रॉड बादलीत चालू असताना पाण्यात हात घालू नका. मुळात तो सौर वॉटर हीटरने कायमचा हद्दपार करता आला तर उत्तम. फ्रिज रात्री बंद करण्याची युक्तीही सोडा, त्यात अन्न नासतं. आणि उष्णतेच्या लाटेत म्हाताऱ्या माणसांच्या किंवा तान्ह्या बाळाच्या खोलीतला पंखा, कूलर, एसी बिलासाठी बंद करायचा नाही. त्यांच्यासाठी वीज उरावी म्हणूनच तर बाकीच्या ठिकाणी वाचवायची.

घरात आरसीसीबी आहे का, ते आजच पाहा. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की ते क्षणार्धात वीज तोडतं. नसेल, अर्थिंगची शंका असेल, तर परवानाधारक वायरमनला बोलवा. आधी हे, मग नवा पंखा.

माझी मागणी मात्र एका घरापुरती नाही. गृहनिर्माण सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. यंदाच्या सभेत तीन ठराव मांडा: पंप दुपारी चालेल, जिन्यात आणि पार्किंगमध्ये सेन्सरवरचे एलईडी लागतील, आणि इमारतीच्या वायरिंग-अर्थिंगची तपासणी होऊन अहवाल नोटीस बोर्डावर लागेल. गच्ची मोकळी असेल तर चौथा ठराव सौर पॅनेलचा. विषय सचिवांकडे लेखी द्या, नोटीस निघायच्या आधी द्या, म्हणजे तो ऐनवेळच्या विषयांत ढकलला जाणार नाही. शेजारच्या दोन बिऱ्हाडांना आजच सांगून ठेवा, ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतील.