बैल आमचा, कासरा कंपनीचा?

गेल्या हंगामात एका गावात इलेक्ट्रिक ट्रॅक्टरचे प्रात्यक्षिक होते. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. मांडव होता, चहा होता, साहेबांचे भाषण होते. ट्रॅक्टर निघाला तो आवाज न करता. बघणाऱ्यांनी तोंडात बोटे घातली. पाऊण एकर नांगरट झाली आणि ट्रॅक्टर एकाएकी मंदावला. पेडल तळापर्यंत दाबले तरी ओढ येईना. कंपनीच्या पोराने लॅपटॉप जोडला आणि सांगितले, "मोटर तापली, म्हणून सिस्टीमने टॉर्क कमी केला आहे."

पारावरच्या एका म्हाताऱ्याने विचारले, "किती कमी केला?"

"ते आम्हाला दिसत नाही. पासवर्ड हेड ऑफिसला असतो."

म्हातारा म्हणाला, "माझा बैल दमला तर मला त्याच्या तोंडाच्या फेसावरून कळतं. तुमचा बैल दमला तर मी पुण्याला फोन करू का?"

सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. शेतकी कॉलेजात चार वर्षे जे शिकलो त्यापेक्षा नेमका प्रश्न त्या म्हाताऱ्याने विचारला होता.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. इलेक्ट्रिक ट्रॅक्टर नको, यंत्र नको, असे रडगाणे गाण्यासाठी हा लेख नाही. नवे तंत्रज्ञान शेतकऱ्याच्या हाती यायलाच हवे. तक्रार आहे ती ते शेतकऱ्याच्या दारी येते पण हाती येत नाही याची.

टॉर्क म्हणजे काय हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे, फक्त शब्द माहीत नाही. घट्ट बसलेला नट सुटत नाही तेव्हा आपण पान्याला पाइप लावतो. जोर तेवढाच, पण दांडा लांब झाल्याने पीळ वाढतो. हा पीळ म्हणजे टॉर्क. पीळ आणि फेरे यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, म्हणजे आपला हॉर्सपॉवर. ११ किलोवॉटची, म्हणजे पावणेपंधरा हॉर्सपॉवरची मोटर पीटीओला मिनिटाला ५४० फेऱ्यांवर, तोटा न धरता, सुमारे १९५ न्यूटन-मीटर पीळ देऊ शकते. तीच शक्ती ताशी ४ किलोमीटर वेगाने नांगर ओढायला लावली तर कागदावर सुमारे एक हजार किलोची ओढ मिळते. भुसभुशीत रानात चाकांची घसर आणि मातीत रुतणे वजा केले की त्यातली निम्मी हाती लागली तरी पुष्कळ झाले.

आता डिझेल आणि वीज यातला फरक पाहा. डिझेल इंजिनाचा सर्वात जास्त पीळ मधल्या फेऱ्यांवर मिळतो. जागेवरून उठताना क्लच दाबून, गिअर बदलून त्याला सांभाळावे लागते. विजेची मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण पीळ देते. एका ठरावीक वेगापर्यंत तो टिकतो आणि त्यापुढे वेग वाढेल तसा उतरतो. चिखलात रुतलेली ट्रॉली काढायला यापेक्षा चांगला गडी मिळणार नाही.

मग तो ट्रॅक्टर मंदावला का? कारण मोटरला दोन ताकदी असतात. एक दमाची आणि एक दिवसभराची. थोड्या वेळापुरता मोटर आपल्या नेहमीच्या ताकदीच्या दुप्पट-तिप्पट पीळ देऊ शकते, पण तेवढ्यात तापते. मोटारगाडीला हे चालते. गाडीला ओव्हरटेक करायला दहा सेकंद जोर लागतो, मग ती आरामात धावते. नांगराला तसा आराम नाही. काळ्या रानात पहिल्या तासापासून बांधाच्या टोकापर्यंत सारखी ओढ. जाहिरातीत छापतात ती दमाची ताकद आणि शेतकऱ्याला लागते ती दिवसभराची. कुस्तीगीर दाखवायचा आणि सालगडी म्हणून पाठवायचा, असा हा व्यवहार आहे.

बॅटरीचाही हिशेब शेतकऱ्याने स्वतः करावा. सोनालिकाने २०२० च्या डिसेंबरमध्ये जो टायगर इलेक्ट्रिक बाजारात आणला त्याची मोटर ११ किलोवॉटची आणि बॅटरी २५.५ युनिटची. पूर्ण ताकदीने सतत चालवला तर भागाकार येतो सव्वादोन तासांचा. हलक्या कामाला त्याच्या कितीतरी पट वेळ मिळेल. हा दोष नव्हे, हा हिशेब आहे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट उष्णता असते, त्यातली तीनेक युनिटच इंजिनाच्या दांड्याला पोचतात. म्हणजे ही बॅटरी आठ-नऊ लिटर डिझेलच्या तोलाची. फवारणी, कोळपणी, बागेतली मशागत यासाठी उत्तम. खोल नांगरटीसाठी वेळेचा हिशेब मांडूनच सौदा करावा.

आता खरा मुद्दा. जुन्या ट्रॅक्टरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की तारेने, दांड्याने पंप हलतो. इलेक्ट्रिक ट्रॅक्टरमध्ये पेडल काहीच हलवत नाही. ते फक्त अर्ज करते. अर्ज जातो कंट्रोलरकडे. कंट्रोलर बॅटरी किती भरली, मोटर किती तापली, चाक किती फिरले हे पाहतो, आपल्या पोटातल्या तक्त्याशी ताडतो आणि सेकंदाला हजारो वेळा ठरवतो, की या अर्जदाराला किती टॉर्क मंजूर करायचा. तलाठ्याकडे, बँकेकडे अर्ज करून आपली हयात गेली. आता स्वतःच्या ट्रॅक्टरकडेही अर्ज!

हा कंट्रोलर शत्रू नाही. नीट वापरला तर तो सोन्यासारखा आहे. साध्या डिफरन्शिअलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच पीळ जातो, म्हणून एक चाक ओल्यात घसरले की दुसऱ्याचीही ओढ जाते. मग आपण डिफरन्शिअल लॉक लावतो आणि वळताना सोडायला विसरतो. दोन चाकांना दोन मोटरी असतील तर तासातल्या चाकाला वेगळा आणि कोऱ्या रानावरच्या चाकाला वेगळा टॉर्क देता येतो. घसर वाढताच डोळ्याची पापणी लवायच्या आत तो कमी करता येतो. घसर वाढली की इंधन जाते, टायर जातो आणि माती दाबली जाऊन पुढच्या पिकाचे मूळ अडते. पीटीओला स्वतंत्र मोटर दिली तर ट्रॅक्टर हळू चालवूनही फवारणीचा पंप पूर्ण वेगाने फिरतो. हायब्रीडमध्ये इंजिन त्याला मानवेल त्याच फेऱ्यांवर चालते आणि कमी-जास्त ओढ बॅटरी भरून काढते. टोयोटाने १९९७ साली प्रियस गाडीत ग्रहमालेसारखी दातेरी चाकांची जोडणी करून इंजिन आणि मोटर यांची शक्ती वाटून दाखवली. ही सगळी विद्या शेतात यावी.

पण वाटणी करणारा कोण आणि त्याचा मालक कोण? २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मर्सिडीज कंपनीने अमेरिकेत जाहीर केले, की वर्षाला १२०० डॉलर भरा, तुमच्या इलेक्ट्रिक गाडीचा वेग जोमाने वाढेल. गाडीत नवा खिळासुद्धा बसवायचा नव्हता. मोटर तीच, बॅटरी तीच, फक्त कुलूप उघडायचे. टॉर्क भाड्याने! श्रीमंताच्या गाडीत ही चैन असेल. हाच धंदा पेरणीच्या तोंडावर आपल्या दारात आला, तर त्याला खंडणी म्हणावे लागेल.

त्याच वर्षी युक्रेनच्या मेलिटोपोल शहरातून जॉन डिअरची यंत्रे रशियन सैन्याने पळवून चेचन्यापर्यंत नेली आणि ती दुरूनच बंद करण्यात आली, अशा बातम्या जगभर छापून आल्या. चोराची फजिती झाली म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी विचार करत राहिलो, की चोराचा ट्रॅक्टर जो बंद करू शकतो, तो हप्ता थकलेल्याचा का करू शकणार नाही?

आपल्यातलेच काही म्हणतील, "इलेक्ट्रिक ट्रॅक्टर आमच्या शिवारात कधी यायचा? तेव्हाचे तेव्हा पाहू." बैल गेला अन् झोपा केला, ही आपली जुनी सवय. महाराष्ट्र सरकारच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात ट्रॅक्टरलाही सवलत ठेवली आहे, म्हणजे तो येणार. आणि कॉम्प्युटर तर आलाच आहे. जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरवरच्या डिझेल ट्रॅक्टरला धुराचे नवे नियम लागू झाले. त्यासाठी किती डिझेल सोडायचे, म्हणजे किती टॉर्क द्यायचा, हे ठरवणारी पेटी इंजिनावर बसली. तालुक्याचा पंपवाला मिस्त्री स्क्रू फिरवून ट्रॅक्टर लायनीवर आणायचा. त्या पेटीपुढे तो हात जोडून उभा आहे.

कंपन्या म्हणतात, "कुलूप सुरक्षेसाठी आहे. बॅटरीचा दाब जिवावर बेतू शकतो. मोटर जळाली तर वॉरंटी कोण देणार?" यातला खरा भाग मान्य आहे. जिवाला धोका होईल ती मर्यादा कोणी मोडू नये. पण मर्यादा किती आहे हे सांगायला कसला धोका? डॉक्टर औषध देतो, मला ते बनवता येत नाही, पण बाटलीवर नाव आणि मात्रा छापलेली असते की नाही?

हे कुलूप जगभर खटकते आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रे दुरुस्त करण्याच्या हक्काचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डिअरवर खटला भरला. पूर्ण दुरुस्तीचे सॉफ्टवेअर फक्त आपल्या डीलरांना देऊन कंपनी शेतकऱ्याची अडवणूक करते, असा आरोप ठेवला. कंपनीने तो नाकारला. आपल्या देशातही स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५०० कोटींवर दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या मिस्त्रींना न देण्याबद्दलचाच तो दंड. त्यावर अपिले झाली, पण मुद्दा नोंदला गेला. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यात शेतीयंत्रांचे नाव घेतले. नाव घेतले म्हणजे काम झाले असे नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

कोणी म्हणेल, असल्या अटी घातल्या तर तंत्रज्ञान कोण देईल? रेल्वेकडे पाहा. रेल्वेच्या डिझेल इंजिनात डिझेल थेट चाके फिरवत नाही. ते जनित्र फिरवते आणि त्या विजेवर आसांवरच्या मोटरी चालतात. ही विद्या देशाने अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून घेतली, पण नुसती इंजिने घेतली नाहीत. वाराणसीला कारखाना काढला आणि जानेवारी १९६४ मध्ये तिथून पहिले इंजिन बाहेर पडले. सरकार गिऱ्हाईक असते तेव्हा नकाशासकट विद्या मागते. शेतकरी गिऱ्हाईक झाला की त्याने पासवर्डही मागू नये?

आणि शेतकऱ्याने मागितले तर काय होते, तेही इतिहासात आहे. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझिअर नावाच्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरने फसवले. जाहिरातीतली ताकद रानात दिसेना. तो विधानसभेत गेला आणि १९१९ साली कायदा करून घेतला, की विद्यापीठाने चाचणी केल्याशिवाय नव्या मॉडेलचा ट्रॅक्टर राज्यात विकायचा नाही. १९२० मध्ये चाचण्या सुरू झाल्या आणि नेब्रास्काचा आकडा जगभर प्रमाण झाला. शंभर वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने हॉर्सपॉवरची थाप बंद पाडली. टॉर्कची थाप बंद पाडायचे काम आपल्या वाट्याला आले आहे.

म्हणून जिल्हा बैठकीत ठरावासाठी चार मागण्या ठेवतो. एक, मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात. तिथल्या इलेक्ट्रिक आणि हायब्रीड ट्रॅक्टरच्या अहवालात दमाचा टॉर्क आणि सतत चार तासांचा टॉर्क वेगवेगळा छापावा, आणि तो डीलरच्या दुकानात मराठीत लावावा. दोन, टॉर्क कमी झाला की किती आणि का, हे चालकासमोरच्या पाटीवर दिसावे. तीन, तपासणीचे सॉफ्टवेअर वाजवी किमतीत तालुक्याच्या मिस्त्रीला मिळावे. चार, विकलेला ट्रॅक्टर मालकाच्या लेखी संमतीशिवाय दुरून बंद करणे किंवा त्याची ताकद बदलणे हा गुन्हा ठरावा.

यात सबसिडीचा एक पैसाही मागितलेला नाही. कोणी आपल्याला भिकारी म्हणू शकणार नाही. पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची पूर्ण मालकी, एवढेच मागणे आहे.

बैठकीला येताना आपल्या ट्रॅक्टरचे माहितीपत्रक घेऊन या. त्यात सतत मिळणारा टॉर्क कुठे छापला आहे ते शोधू. सापडला नाही, तर डीलरला कोणता प्रश्न विचारायचा ते त्या म्हाताऱ्याने सांगून ठेवलेच आहे: किती कमी केला?