‘ऐनवेळी बघू’ : एका वाक्याविरुद्ध

दिवाळी आटोपली, पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली, की पुण्यातल्या सायकलस्वारांच्या गटांमध्ये एक ठरावीक गद्य लिहिले जाऊ लागते. त्याचा नमुना असा : रविवारी पहाटे पाचला स्वारगेटहून प्रयाण, कात्रज, खंबाटकी, वाई, पसरणीचा घाट आणि पाचगणी, गुलाबी थंडी, धुक्याची दुलई, वाईला गरमागरम मिसळ, पाऊस वगैरे आलाच तर ऐनवेळी बघू. असे निवेदन मी स्वतः कित्येक हिवाळे लिहीत आलो. त्यातल्या शेवटच्या वाक्याविरुद्ध हा लेख आहे.

वाङ्मयीन चर्चेच्या जागी सायकलींचे काय काम, असे कुणी विचारील. माझे उत्तर असे की, हिवाळ्यातली सामूहिक सहल रस्त्यावर बिघडण्याआधी बहुतेक वेळा कागदावर बिघडलेली असते. निवेदन हाही एक गद्यप्रकार आहे, आणि त्याला समीक्षक नाही. कवितेतल्या एखाद्या अव्ययावर आपण तासभर बोलतो. तीस माणसांना अंधारात महामार्गावर नेणाऱ्या वाक्याकडे मात्र व्यवहाराची भाषा म्हणून दुर्लक्ष करतो. ज्या वाक्यावर कुणाचे तरी हाड अवलंबून आहे, त्याचे वाचन निदान कवितेइतके बारकाईने व्हावे, एवढीच अपेक्षा आहे.

प्रथम व्याकरण पाहू. ‘बघू’ हे प्रथमपुरुषी अनेकवचन; कर्ता गाळलेला. मराठीत या रूपाला दोन कर्ते चालतात : ‘आपण बघू’ आणि ‘आम्ही बघू’. पहिल्यात ऐकणारा धरलेला असतो, दुसऱ्यात वगळलेला. इंग्रजी सर्वनामाला हा भेद करता येत नाही, मराठीला येतो. म्हणूनच मराठीत कर्ता गाळला की त्याबरोबर एक महत्त्वाची माहितीही गळते. निवेदन वाचणारा नवखा माणूस तेथे ‘आपण’ वाचतो. घाटमाथ्यावर पाऊस सुरू झाला की त्याचा ‘आम्ही’ होतो : ज्यांचे पाय दमलेले नाहीत, ज्यांच्याकडे बरे जर्किन आहे आणि ज्यांनी हा घाट पूर्वी दहा वेळा उतरला आहे, असे तिघे-चौघे. उरलेले पंचवीस जण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत उभे असतात.

गेल्या दशकातल्या एका डिसेंबरात मी त्या तिघा-चौघांपैकी एक होतो. पाचगणीला पोहोचेतो आभाळ दाटले होते; परतीला निघालो आणि पाऊस लागला. वारा होताच. आमच्याबरोबर एक शिक्षक होते, वयाने पन्नाशीचे, मोठ्या सहलीला पहिल्यांदाच आलेले. टपरीच्या छपराखाली सगळ्यांसमोर मी त्यांना विचारले, “काय सर, थांबायचं का जरा?” ते म्हणाले, “नाही नाही, चला. माझ्यामुळे कशाला?” मी ते उत्तर संमती म्हणून घेतले. वस्तुतः तो प्रश्नच असा होता की त्याला दुसरे उत्तर देणे सभ्य माणसाला शक्य नव्हते. घाटाच्या निम्म्यावर एका वळणावर त्यांची सायकल वळलीच नाही, सरळ कठड्याला जाऊन भिडली. गळपट्टीचे हाड मोडले. नंतर त्यांनी सांगितले ते माझ्या डोक्यातून जात नाही : त्यांना ब्रेक दाबायचा होता, बोटे दाबली जात नव्हती. टपरीखाली उभे असतानाच त्यांची बोटे वळेनाशी झाली होती. त्यांनी सांगितले नाही, आणि सांगता यावे अशी सोय आम्ही ठेवली नव्हती.

या प्रसंगाला ‘दुर्दैव’ म्हणण्याची रीत आहे. मला ती मान्य नाही. त्या शनिवारी अंदाज उपलब्ध होता. मी तो पाहिलाही होता. पाहिला होता, वाचला नव्हता.

पुण्याच्या माणसाने तरी हवामानाची भाषा वाचायला शिकायला हवी. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या वास्तूला अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. त्या खात्याची भाषा आपल्याला मोघम वाटते आणि आपण तिची टिंगल करतो. प्रत्यक्षात ती आपल्या निवेदनांपेक्षा कितीतरी काटेकोर आहे. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे थोडासा पाऊस नव्हे. त्या विभागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी २५ टक्के किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस, असा त्याचा अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, पुढे ५१ ते ७५, आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याच्याही वर. हे विशेषण जागेचे आहे, जोराचे नाही. ज्या चतुर्थांशात पाऊस पडेल तेथे तो तुरळक असेल, असे खात्याने कुठेही म्हटलेले नसते.

जोराचे शब्द वेगळे आहेत, आणि त्यांतही असाच सापळा आहे. ‘हलका ते मध्यम’ हे शब्द ऐकले की आपल्या मनात श्रावणसरी येतात. खात्याच्या लेखी ‘मध्यम’ची मर्यादा २४ तासांत ६४.४ मिलिमीटरपर्यंत जाते. एवढ्या पावसात घाट उतरणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले तो त्याला मध्यम म्हणणार नाही. शिवाय खात्याचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. तो सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. रविवारी पहाटे पाचला निघणारा सायकलस्वार ‘रविवार’चा रकाना पाहून निश्चिंत होतो, आणि त्याचे पहिले साडेतीन तास शनिवारच्या रकान्यात असतात. धुक्याचेही तसेच. ‘दाट धुके’ ही कविकल्पना नसून दृश्यमानता ५० ते २०० मीटर असल्याचे विधान आहे. डिसेंबरच्या मध्यास पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पाचला निघालेल्यांचे दोन तास तसेही काळोखात जातात. त्या काळोखात धुक्याची दुलई पांघरून मागून ट्रक येत असतो.

हिवाळ्यात पाऊस यायचाच नाही, हा समजही आता सोडायला हवा. डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’ चक्रीवादळाने मुंबई-कोकणाला भिजवले. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत पुणे आणि नगर जिल्ह्यांत अवकाळी पाऊस आणि थंडी एकत्र आली, आणि उघड्यावरच्या शेकडो मेंढ्या दगावल्या. अंगावर लोकर घेऊन जन्मलेला प्राणी, तोही नुसत्या थंडीने नव्हे, थंडी, ओल आणि वारा यांच्या संगनमताने मेला, हे लक्षात घ्यावे. सायकलस्वार तर पातळ कृत्रिम धाग्याचा सदरा घालून येतो आणि वारा स्वतःच निर्माण करतो. १० अंश तापमानात ताशी ४० किलोमीटर वेगाने उतरणाऱ्याच्या उघड्या कातडीला, वाऱ्याच्या थंडाव्याच्या प्रचलित सूत्रानुसार, सुमारे ६ अंशांचा गारठा लागतो. आणि हे कोरडे असताना. चढताना घामाने भिजलेला माणूस उतारावर पाय मारत नाही, म्हणून शरीर उष्णता तयार करीत नाही. पहिली जातात ती बोटे. आणि ब्रेक बोटांनी दाबायचे असतात.

ही माहिती गुप्त नाही. मग आपण ती निवेदनात का आणत नाही? माझे मत असे की, आपल्याजवळ सहलीबद्दल लिहिण्याच्या दोनच शैली आहेत आणि दोन्हींत माहितीला जागा नाही. एक ललित निबंधाची. तिच्यात हवामान म्हणजे मनःस्थितीची पार्श्वभूमी, थंडी नेहमी गुलाबी आणि धुके नेहमी हळवे. दुसरी बखरीची उसनी शैली. रविवारची सहल तिच्यात ‘मोहीम’ होते, घाट ‘सर’ होतो, मोहीम ‘फत्ते’ होते, आणि सगळे काही ‘ऊन-वारा-पाऊस न जुमानता’ घडते. एकदा मोहीम म्हटले की परत फिरणे ही ‘माघार’ ठरते आणि माघारीला लाज चिकटते. टपरीखाली उभ्या असलेल्या त्या शिक्षकांचे तोंड बंद केले ते पावसाने नव्हे, या शब्दसंग्रहाने.

गंमत अशी की, ज्या इतिहासातून हे शब्द आणले तो इतिहास असले काही शिकवत नाही. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले. १६६५ साली पुरंदरच्या तहात त्यांनी २३ किल्ले सोडले आणि १२ राखले. कुठे थांबायचे, काय सोडायचे आणि काय राखायचे, याचा हिशेब ही त्यांच्या युद्धनीतीतली लाजिरवाणी बाजू नसून तिचा कणा आहे. आम्ही त्यांची शब्दकळा उचलली, हिशेब तेवढा सोडून दिला.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, सगळे आधीच ठरवले तर साहस उरले कुठे? या आक्षेपात दोन अनिश्चितता एकत्र कालवल्या आहेत. आभाळ अनिश्चित आहे, ते तसेच राहणार, आणि त्यात आनंदही आहे. पण निर्णय कोण घेणार, केव्हा घेणार, कशावरून घेणार, ही अनिश्चितता आभाळाची नव्हे. ती आपल्या आळसाची आहे. पहिलीचा आनंद घ्यायचा तर दुसरी आधी मिटवायला हवी. दूर पल्ल्याच्या ब्रेव्हेत सायकलस्वार पावसावाऱ्यातही निघतात. पण २०० किलोमीटरला साडेतेरा तास ही मर्यादा, पुढचे-मागचे दिवे आणि चमकपट्ट्यांचे जाकीट या अटी आधी ठरलेल्या असतात. त्याने कुणाचे साहस कमी झालेले नाही.

दुसरा आक्षेप अनुभवी लोकांचा : नियम कशाला, आम्ही आभाळ ओळखतो. ओळखत असाल. पण तुम्ही आभाळ ओळखता, दुसऱ्याची बोटे ओळखत नाही. मीही ओळखली नव्हती. अनुभवाचा एक दोष असा की, तो अनुभवी माणसाच्या शरीराला मोजमाप मानतो.

येथे विरुद्ध टोकाच्या मंडळींनाही सोडून चालणार नाही. ‘तुरळक’ शब्द दिसताच शनिवारी रात्री अकराला सहल रद्द करणारे संयोजक आहेत. रविवारी स्वच्छ ऊन पडते. ज्या बाईंनी घरातल्या सर्वांची न्याहरी आदल्या रात्रीच करून ठेवली, ज्या तरुणाने कामाची पाळी बदलून घेतली, त्यांचे काय? असे दोनदा झाले की तिसऱ्या वेळी इशारा खरा असूनही कुणी मानत नाही. बेफिकीर संयोजक आणि भेदरलेला संयोजक एकाच रोगाचे रुग्ण आहेत. दोघांनीही अंदाज वाचलेला नसतो.

तेव्हा निवेदन कसे लिहावे? माझी सूचना साधी आहे. ‘बघू’च्या जागी कर्ता लिहावा : निर्णय दोन नामनिर्देशित व्यक्ती घेतील, आणि दोघांपैकी एकानेही ‘नाही’ म्हटले तर ते पुरे, मतदान नाही. ‘ऐनवेळी’च्या जागी वेळ लिहावी : शनिवारी रात्री आठ, ताजा अंदाज पाहून. एका मार्गाऐवजी तीन लिहावेत : पूर्ण, वाईपर्यंतचा, आणि पुण्याभोवतीचा छोटा फेरा, म्हणजे ‘जाणे’ आणि ‘रद्द’ यांच्यामध्ये काही उरेल. घाटाला अट लिहावी : दहापर्यंत वाईला पोहोचलो नाही, किंवा वाईतच पाऊस असला, तर पसरणी चढायचा नाही, कारण चढलेला घाट उतरावाही लागतो. आणि शेवटी एक वाक्य, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते : कोणीही, कुठूनही, कारण न सांगता परत फिरू शकतो, आणि एक सोबती त्याच्याबरोबर परततो. ‘कारण न सांगता’ हे शब्द गाळू नयेत. कारण सांगावे लागणे हीच तर ती टपरी आहे.

अशा निवेदनाला लालित्य नाही, हे मला मान्य आहे. ललित लेख सहलीनंतर लिहावा. तेव्हा थंडी हवी तेवढी गुलाबी करावी, धुक्याला दुलई म्हणावे, कुणाचे काही बिघडत नाही. सहलीआधीच्या गद्याने मात्र कर्ता, काळ आणि अट या तीन गोष्टी चोख सांभाळाव्यात. शाळेत हे आपल्याला व्याकरण म्हणून शिकवले होते.

ते शिक्षक पुन्हा आमच्याबरोबर आले नाहीत. हाड तीन महिन्यांत जुळले. भेटले की ते आजही म्हणतात, “चूक माझीच, मी बोलायला हवं होतं.” ते असे म्हणतात तेव्हा मला मीच लिहिलेले ते निवेदन आठवते. त्यांनी बोलावे यासाठी त्यात एकही शब्द नव्हता.