पाऊस सातपुड्यात, पूर वर्ध्यात

वर्धा नदीचा उगम सातपुड्यात, मध्य प्रदेशातल्या मुलताईजवळ. तिथे पाऊस धो-धो कोसळला की धास्ती आर्वी-पुलगावच्या नदीकाठच्या कपाशीला. त्यामुळे डोंगरातल्या पावसाचा अंदाज हा सपाटीवरच्या आपल्याही जिवाचा प्रश्न आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेलं ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ हे मॉडेल मे २०२५ पासून ६ किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देतं; आधीची चौकट १२ किलोमीटरची होती. मोठ्या चौकटीत कडा आणि दरीची सरासरी होते, उतारावरून वर चढणारं बाष्प संगणकाला नीट दिसत नाही, आणि अतिवृष्टी कागदावर साधी सर ठरते. डोंगरकुशीतली एखादी वाडी तर ६ किलोमीटरमध्येही हरवते! पण अप्पर वर्धा धरणाचे दरवाजे कधी उघडायचे, हे ठरवताना हा बारीक अंदाज हाताशी असलाच पाहिजे.